अल्फॉन्सदाजी बिंगो पुकारतात

आमच्या अल्फॉन्सदाजींना गप्प बसवायचा प्रयत्न अख्ख्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे आम्हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या राखीव वस्तीवर, करून झाला होता. पाद्रीबाबांनी करून पाहिला, शाळेतल्या बाईंनी पाहिला, आणि माझ्या बहिणीनं तर लग्न झाल्यापासून दुसरं काही केलंच नाही. कुणालाही जमलं नाही. जमलं ते शेवटी घशातल्या एका गाठीला.

मी आर्डिस. आमच्या जमातीच्या कॅसिनोत बिंगोच्या खिडकीवर बसते. खेळाचे छापील कागद विकते, ठसे मारायच्या शाईच्या बाटल्या विकते, आणि हरलेल्यांची कुरकुर फुकटात ऐकून घेते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, लोर्नाचे यजमान. आम्हा ओजिब्वे लोकांत मेहुणीनं दाजींची टर उडवायची आणि दाजींनी मेहुणीची, हा नुसता हक्क नाही, ते कर्तव्य आहे. जी मेहुणी दाजींशी फार आदबीनं बोलते तिच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे असं समजतात. तेव्हा मी त्यांच्याबद्दल वाकडं बोलले तर मनावर घेऊ नका.

दाजींचा जन्म तळ्याकाठचा, रानतांदळाच्या हंगामातला. त्यांची आई म्हणे दुपारपर्यंत होडीत बसून तळ्यात उगवलेला तांदूळ झोडत होती, मग काठावर उतरली आणि बाळंत झाली. पोर असं काही किंचाळलं की पलीकडच्या काठावरची बदकं उडून गेली. ही गोष्ट दाजींनीच सांगितलेली, म्हणजे अर्धी खोटी धरा. पण आवाज होता खरा. तरणे असताना ते लाकडाच्या वखारीत होते, तिथे करवतीच्या आवाजावर त्यांचा आवाज चढायचा. उन्हाळ्यातल्या नाचाच्या मेळ्यात निवेदन करायला दरवर्षी त्यांनाच उभं करायचे. हरवलेली पोरं, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या, नवरे सापडत नसलेल्या बायका, सगळ्यांची दवंडी दाजीच द्यायचे, वर प्रत्येकाच्या नावानं एक टोमणा.

कॅसिनो आला तेव्हा तो काही कॅसिनो नव्हता. शाळेमागे पत्र्याची शेड, लाकडाची शेगडी, घडीच्या खुर्च्या आणि टेबलावर उभे राहून नंबर पुकारणारे दाजी. माईक नव्हता, लागतही नव्हता. आता हॉटेल आहे, रंगीबेरंगी मशिनांच्या रांगा आहेत, शनिवारी गाण्याचे कार्यक्रम होतात, शहराकडून बसगाड्या भरून माणसं येतात. आमचा दवाखाना, शाळेचं नवं छप्पर, उत्तर मिनेसोटाच्या थंडीत रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी, हे सगळं त्याच्याच जिवावर. त्याच मशिनांपुढे बसून आमच्यातल्याही काहींनी आपलं वाटोळं करून घेतलं, ते मी कशाला झाकू? पण बिंगोचा हॉल मात्र आमचा घरचा राहिला. तिथं लोक जिंकायला कमी आणि भांडायला जास्त येतात.

आणि भांडायचं कुणाशी, तर पुकारणाऱ्याशी. समोर कागदांची चादर पसरलेली, मान खाली, हातात शाईची बाटली. नंबराचा चेंडू निघाला की कागदावरच्या त्या घरात ठसा, ठरलेली घरं भरली की "बिंगो!" अशी हाक. हात असा गुंतलेला, पण तोंड मोकळं, ते पुकारणाऱ्याला शिव्या घालायला.

"अल्फॉन्स, चेंडू हलव रे, झोपलेत ते!"

"मला पाहिजे तोच नंबर खिशात घालून बसलाय, चोर मेला!"

दाजी प्रत्येकाला पुरून उरायचे. ओ एकसष्ट, म्हणजे कागदावरच्या ओ अक्षराच्या रकान्यातला एकसष्ट, निघाला की हमखास म्हणायचे, "एकसष्ट! आमच्या आर्डिसचं वय. गेली कित्येक वर्षं!" सगळा हॉल माझ्या खिडकीकडे वळून हसायचा आणि मी त्यांना शाईची बाटली फेकून मारायचा आव आणायची.

त्यांची सगळ्यात मोठी वैरीण म्हणजे जोझेटआजी. वय झालेलं, नजर अगदी अधू, पाटीवर लुकलुकणारे नंबर तिला दिसत नाहीत. मोठ्या अक्षरांचे कागद घेऊन नुसत्या कानावर खेळते. तीन नवरे पोचवून आलेली बाई. जिंकली की "बिंगो!" अशी ओरडते की नवखे लोक आग लागली म्हणून उठतात, आणि हरली की दाजींच्या सात पिढ्या काढते. दाजी म्हणायचे, ज्या बुधवारी जोझेट शिव्या घालत नाही त्या रात्री मला झोप येत नाही.

मग गेल्या हिवाळ्यात ती गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. आवाज गेला. उरली ती नुसती हवा, सुक्या गवतातून वारा जावा तशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोला, जितकं बोलाल तितकं सुधारेल. पण दाजींनी एकदा स्वतःचा तो आवाज ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

"घरात बोटानं काम चाललंय," लोर्ना मला म्हणाली. "मीठ पाहिजे, मिठाकडे बोट. मी पाहिजे, माझ्याकडे बोट. इतकी वर्षं गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले गं. आता कुठल्या तोंडानं सांगू की बोला?" आणि तिथंच ओट्याशी उभी राहून रडली. मी भांडी विसळत बसले.

त्यात लोक! लोकांनी कमालच केली. घरी सूप आणून देतात, रानतांदूळ आणून देतात, हळू आवाजात बोलतात आणि जाताना दाजींच्या खांद्यावर थोपटतात. कुणी टर उडवेना. पेट्रोल पंपावर एका माणसानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. दार उघडून धरलं! आमच्याकडे माणसाची शवपेटी नेताना दार धरतात. धडधाकट माणसाला दार धरलं तर तो चिडतो. दाजी त्या दारातून आत न जाता माघारी फिरले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

बिंगोत डॅरेननं मशिनचा आवाज बसवला. डॅरेन आमचा मॅनेजर, जोझेटआजीचाच नातू. शहरात शिकून आलेला, पोरगा वाईट नाही, पण त्याला सगळं गुळगुळीत लागतं. मशिनमधली ती बाई नंबर सांगायची तेव्हा वाटायचं विमानतळावर बसलोय. तिला शिव्या कोण घालणार? लोक येईनासे झाले. जोझेटआजी तर पहिल्याच दिवशी उठून गेली. "त्या पोरीनं जन्मात एक मासा साफ केला नसेल," ती म्हणाली, "ती मला नंबर सांगणार?"

नोव्हेंबर उजाडला तेव्हा डॅरेन माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, अल्फॉन्सकाकांसाठी एक छान जागा आहे. मुख्य दाराशी उभं राहायचं आणि आलेल्या पाहुण्यांकडे बघून हसायचं. बोलायची गरज नाही.

माझं डोकंच फिरलं. "हसायचं? दाराशी उभं राहून? अरे, बाहुली आण ना त्यापेक्षा! ह्या माणसानं पत्र्याच्या शेडमध्ये घसा फोडला म्हणून तुला आज खुर्ची आहे बसायला!"

"मावशी, मला काय हौस आहे का? पण पुकारायला आवाज लागतो. ऐकू आलंच नाही तर लोक खेळणार कसे?"

"एक बुधवार दे त्यांना. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा, टर्की पक्षी बक्षीस लावतात तो बुधवार. हॉल भरलेला असतो."

त्यानं गळ्यातला टाय चाचपला. "एकच," तो म्हणाला. "लोकांना खेळता आलं नाही तर मशीन कायमचं. मग माझ्याशी भांडायचं नाही."

भांडायचं नाही म्हणे. ते मी कबूल केलं नाही, पण मान डोलावली.

दाजींना राजी करणं त्याहून अवघड. मी गेले तेव्हा ते घरामागच्या शेडमध्ये माशांचं जाळं दुरुस्त करत बसले होते. बुधवारचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा सांगितलं. पुन्हा मान हलवली. मग पहिल्यांदाच माझ्यासमोर ती हवा बाहेर आली.

"कोण ऐकणार?"

कानावर आलं आणि तिथून पळून जावंसं वाटलं, खोटं का बोलू. पण चेहऱ्यावर दाखवलं असतं तर संपलंच होतं. मी म्हटलं, "दाजी, आजवर तरी तुमचं कोण ऐकत होतं? लोक नंबर ऐकत होते. तुमचे विनोद सहन करत होते."

त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, पण हसत होते. मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

बुधवारी दुपारी सगळे आले. जे वर्षानुवर्षं फिरकले नव्हते तेही आले. जोझेटआजी मुलीच्या हाताला धरून आली आणि आपल्या जुन्या खुर्चीत कोण बसलंय म्हणून एकीला उठवलं. लोर्ना माझ्याजवळ खिडकीत बसली. दाजींनी नेहमीचा लाल सदरा घातला होता. डॅरेन भिंतीला टेकून उभा. मशीन झाकून ठेवलं होतं, पण तार भिंतीतच होती.

पहिला चेंडू निघाला. दाजी माईकजवळ गेले आणि बोलले. नुसती खरखर. "काय? काय म्हणाला?" अशी बोंब उठली. कुणीतरी माईकचा आवाज वाढवला तर तो असा शिट्टी मारायला लागला की लोकांनी कानावर हात ठेवले. दाजी पुन्हा बोलले. खुर्च्यांचे, कागदांचे, खोकण्याचे आवाज, त्यात त्यांचा आवाज बुडून गेला. डॅरेननं माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात पुढच्या टेबलावरच्या एका बाईनं मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. तिच्या मागचीनं तिच्या मागचीला खूण केली. आणि बघता बघता अख्खा हॉल शांत झाला. पोरंसुद्धा गप्प. शाईचे ठसे पडल्याचे आवाज येत होते, एवढी शांतता. त्या शांततेत दाजींची कुजबुज माईकवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. "बी नऊ." मला भरून आलं. म्हटलं, काय गुणाची आहेत आमची माणसं!

पहिला डाव झाला, दुसरा झाला. कुणी एक शब्द बोलत नव्हतं. जिंकणारी बाईसुद्धा कशीबशी "बिंगो" म्हणायची आणि ओशाळून खाली बघायची. मग ओ एकसष्ट निघाला. दाजींनी चेंडू बोटात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजले, "एकसष्ट. आमच्या आर्डिसचं वय. गेली कित्येक वर्षं."

कुणी हसलं नाही. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. एका बाईनं चष्मा काढून डोळे पुसले.

तेव्हा मी दाजींचा चेहरा नीट पाहिला. तो उतरला होता. त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही. नुसते नंबर. एकामागून एक, त्या मशिनमधल्या बाईसारखे.

मधल्या सुट्टीत लोक कॉफी आणि तळलेला पाव घ्यायला उठले तेही चवड्यावर चालत. दाजी खिडकीशी आले.

"मयताला आल्यासारखे आलेत सगळे," ते म्हणाले. "टर्कीचा डाव झाला की मी उठतो. डॅरेनला सांग, मशीन लाव म्हणावं."

"अहो, पण ऐकू येतंय सगळ्यांना! तुम्ही जिंकलात!"

"काय जिंकलो, आर्डिस?" एवढंच बोलले आणि गेले. लोर्नानं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. मला आमच्या त्या गुणी माणसांचा असा राग आला म्हणून सांगू! वाटलं, प्रत्येकाला जाऊन एकेक चिमटा काढावा. अरे, प्रेमच करायचंय तर शिव्या घाला की! एरवी कुठे जाते तुमची जीभ?

टर्कीचा डाव म्हणजे पूर्ण कागद भरायचा. बक्षीस एक भलीमोठी गोठवलेली टर्की. खेळ मोठा, नंबर खूप लागतात, आणि शेवटाला आला की ज्याला त्याला एकच घर उरलेलं असतं. एरवी त्या वेळी हॉलमध्ये कान बधिर व्हायची पाळी येते. त्या दिवशी चिडीचूप. दाजी चेंडू उचलत होते, बोलत होते, खाली ठेवत होते. "जी बावन्न," ते म्हणाले.

नियम असा, की पुढचा नंबर पुकारायच्या आत बिंगोची हाक पुकारणाऱ्याच्या कानावर गेली पाहिजे. नंबर बाहेर पडला की मागचा बिंगो मेला. त्यात दयामाया नाही. ह्यावरून आमच्यात भावाभावांची बोलणी बंद झालेली आहेत.

दाजींनी पुढचा चेंडू उचलला, माईककडे तोंड नेलं आणि थांबले. डोळे मिटले. चेंडू तसाच हातात.

"काय झालं?" डॅरेन पुढे आला.

"बिंगो झालाय," दाजी म्हणाले.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच हाक ऐकली नव्हती. मीही नाही. दाजींनी बोट केलं, थेट जोझेटआजीकडे. आजी बसली होती, दोन्ही हात कागदावर, तोंड अर्धवट उघडं, चेहरा लालबुंद. मी धावत गेले. कागद भरलेला, शेवटचा ठसा जी बावन्नवर, शाई अजून ओली. आग लागल्यासारखी ओरडणारी ही बाई, आणि त्या सुतकी शांततेला घाबरून तिनं बिंगो कुजबुजला होता!

"पण आजीची हाक तर कुणीच..." डॅरेन म्हणाला. बिचारा, सख्खी आजी म्हणून त्याला जास्तच काटेकोर व्हावं लागत होतं.

"मी ऐकली," दाजी म्हणाले. "कुजबुज कशी असते ते मला ओळखू येतं."

मी कागदाचा क्रमांक वाचला, दाजींनी तो ताडून पाहिला आणि मान हलवली. टर्की आजीची. लोकांनी हळूच टाळ्या वाजवल्या. हळूच! बस, तिथं जोझेटआजीचा बांध फुटला. ती टेबलाला धरून उभी राहिली.

"ए अल्फॉन्स! मेल्या, तुझ्यापायी माझी टर्की जात होती! दुपारभर श्वास धरून बसलेय मी! हे सगळे देवळात बसल्यासारखे बसले म्हणून मीही बसले! माझ्या घशाला काय धाड भरलीय? कापलाय तुझा घसा आणि गप्प बसायचं आम्ही?"

अगं बाई! लोर्नानं तोंडावर हात घेतला. डॅरेन "आजी, आजी" करत धावला. सगळ्यांच्या नजरा दाजींवर.

दाजी माईकवर वाकले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"जोझेट. आजच्यासारखी हळू आवाजात तू घरी बोलली असतीस, तर तुझे तिन्ही नवरे आज जिवंत असते."

आधी जोझेटआजीच हसली. खुर्चीत पडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि मग अख्खा हॉल. टेबलं बडवली, शाईच्या बाटल्या खाली पडल्या, दुपारभर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "अल्फॉन्स, चेंडू हलव!" मागून कुणी ओरडलं. "त्याला एक काढा पाजा रे!" "लोर्ना, आता घरी भांडण जिंकत असशील!" एकानं तर "कुजबुज्या" म्हणून हाक मारली, आणि मला तेव्हाच कळलं की हे नाव आता दाजींना जन्मभर चिकटणार.

दाजींनी नवा चेंडू हातात घेतला. लोक अजून ओरडतच होते. मग त्यांचे ओठ हलताना दिसले तसे बायकांनी एकमेकींना कोपरं मारली, "गप्प बस गं, बोलतोय तो!" हॉल शांत झाला. नंबर आला, त्यामागून एक टोमणा आला, हॉल पुन्हा फुटला. पुढच्या चेंडूला पुन्हा शांत. कुणी शिकवलं नाही, कुणी ठरवलं नाही. शेवटच्या डावापर्यंत तो ताल बसून गेला होता आणि दाजी उठले नाहीत.

डॅरेननं भिंतीतली तार काढून गुंडाळली. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "मावशी, माईक जरा बरा बघावा लागेल." मी म्हटलं, "बघ बाबा, तुझं काम आहे ते."

हॉल बंद करून मी आणि लोर्ना बाहेर आलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. दाजी पुढे गेले होते गाडीची काच खरवडायला. गाडी अजून लांब होती, पण लोर्ना मधेच थांबली आणि माझा दंड धरला.

"ऐक," ती म्हणाली.

मी कान दिले. आधी नुसतं खरवडणं ऐकू आलं. मग त्या खरवडण्यात मिसळलेली ती हवा, तुटक, चिडकी, थांबायचं नाव न घेणारी. बर्फाला, काचेला, गाडी बनवणाऱ्याला, डॅरेनच्या माईकला, आणि "ह्या दोघी बहिणी कुठं तडमडल्या" म्हणून आम्हाला.

"एकटेच बोलतायत गं," लोर्ना म्हणाली. "शिव्या देतायत." आणि ती रडत रडत हसायला लागली. मी तिला गाडीकडे जाऊ दिलं नाही. दोघी तिथंच बर्फात उभ्या राहिलो, त्यांचं संपेपर्यंत ऐकत.